८१३ सगळ्यात शेवटी लावायचा

माझ्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, कुणी नवीन हॅम (हौशी रेडिओवाला) आला की त्याची नजर आधी ८१३वर जाते, रेडिओचा सिग्नल मोठा करणाऱ्या माझ्या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्व्हवर. जायलाच हवी. वीतभर उंच काच, डोक्यावर प्लेटची टोपी, खाली सात पिनांचा भलामोठा बेस, आणि फिलामेंट पेटलं की खोलीतला दिवा मालवला तरी मागच्या भिंतीवर उजेड पडतो. मग पहिला प्रश्न ठरलेला: "व्हॉल्व्ह कुठून मिळवलात?"

व्हॉल्व्ह मिळतो. अमेरिकन मिळाला नाही तर चिनी एफयू-१३ किंवा रशियन जीयू-१३ मिळतो, आणि तो त्याच बेसमध्ये बसतो. कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर जुना ब्रिटिश सीव्ही-२६ खोक्यात पडलेला असतो, तोही हाच. पण त्या व्हॉल्व्हच्या पायाशी बसलेला बारा-पंधरा किलोचा ट्रान्सफॉर्मर कुठून आणला, कुणी गुंडाळला, त्याच्या दोन थरांमध्ये कोणता कागद आहे, हे विचारणारे फार थोडे. ॲम्प्लिफायर उभा राहतो तो त्याच्या पॉवर सप्लायवर. व्हॉल्व्ह बिघडला तर दुसरा लावता येतो. सप्लायमध्ये कसर ठेवली तर माणूस जातो. म्हणून हा ॲम्प्लिफायर मी ज्या क्रमानं उभा केला त्याच क्रमानं लिहिते आहे, आणि त्यात ८१३ सगळ्यात शेवटी येतो.

हा सेट नाशिकरोडला राहणाऱ्या एका ज्येष्ठ हॅमकाकांचा. १९७०च्या दशकात त्यांनी डिस्पोजलचा माल गोळा करून तो बांधला. त्या काळी आपल्याकडच्या हॅमना दुसरा मार्गही नव्हता. लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेले कंडेन्सर, मीटर, सिरॅमिक बेस हेच भांडवल. काका गेल्यावर त्यांच्या मुलाचा फोन आला. "ताई, बाबांची ती लोखंडी पेटी तुम्ही न्याल का? भंगारवाला वजनावर मागतोय." मी त्याच संध्याकाळी रिक्षा टेम्पो घेऊन गेले.

नोकरीची सगळी वर्षं मी सातपूरला एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला होते. तयार झालेला जॉब हाय व्होल्टेजला उभा करायचा आणि तो मिनिटभर टिकतो का ते बघायचं, हेच माझं काम. त्यामुळे पेटी घरी आल्यावर मी ती प्लगला लावली नाही. जुना सेट हातात आला की 'बघू तरी चालतो का' म्हणून थेट वीज देण्याची हौस अनेकांना असते. तिनं चांगले चांगले सेट जाळलेत. मी आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लावला.

श्रावणाचे दिवस होते. हजार व्होल्टच्या मेगरवर एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उंच व्होल्टेजचं) वाइंडिंग आणि कोर यांच्यात जेमतेम ४ मेगओहम दिसले. पावसाळ्यात नाशिकची हवा कागदात मुरते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देणं बरोबर नव्हतं. ट्रान्सफॉर्मर पत्र्याच्या पेटीत ठेवला, खाली १०० वॅटचा बल्ब लावला, वर हवा जायला फट ठेवली आणि रोज सकाळ-संध्याकाळ रीडिंग घेत गेले. ओल असेल तर आकडा आधी थोडा खाली जातो आणि मग चढायला लागतो. निरोगी वाइंडिंग असं शेकल्यावर काहीशे मेगओहमपर्यंत सहज जातं. इथे काटा वीसच्या पुढे सरकेना. ओल गेली होती, तरी कागदच मेला होता.

कोर सोडवल्यावर ते डोळ्यांनीही दिसलं. वरच्या थराखालचा कागद करड्या-तपकिरी रंगाचा झाला होता आणि नखानं टोकरल्यावर त्याचा भुगा पडत होता. तांबं उत्तम होतं. स्टँपिंगही, म्हणजे कोरच्या पत्र्याच्या पट्ट्याही, उत्तम, गंज नाही, कडा सरळ. काकांनी किंवा त्यांच्या वाइंडरनं प्रत्येक थराच्या शेवटी सुती टेप बांधून टोकं पक्की केली होती. त्या हाताबद्दल आदर वाटला. कागदाचं आयुष्य संपलं, कामाचं नाही.

मूळ डिझाइन त्या काळाला धरून होतं: १५००-०-१५०० व्होल्टचं सेंटर टॅप वाइंडिंग, दोन ८६६ए मर्क्युरी रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे व्हॉल्व्ह), पुढे चोक आणि तेलाचे कंडेन्सर. चोक इनपुटला डीसी मिळतो आरएमएसच्या ०.९ पट, म्हणजे सुमारे १३५० व्होल्ट.

८६६एबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत पाऱ्याचा थेंब असतो. फिलामेंट २.५ व्होल्ट, ५ अँपियर. ते निदान अर्धा मिनिट तापल्याशिवाय एचटी द्यायची नाही. आणि व्हॉल्व्ह हलवला असेल तर पारा जागेवर येईपर्यंत त्याहून बराच जास्त वेळ. लोड आला की आतली वाफ निळी उजळते, आणि बोलण्याच्या चढउतारासोबत तो निळा रंगही कमीजास्त होतो. इतकं देखणं काम करणारा भाग आज कुठल्याच सप्लायमध्ये नसतो. तरी मी ती जोडी काढली. घरात नातवंडं फिरतात, काच फुटली तर पारा फरशीच्या सांध्यात जाणार. दोन्ही व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेत. चालू स्थितीत आहेत. कुणाला एखाद्या कॉलेजच्या संग्रहासाठी हवे असतील तर देईन, पुन्हा सेटमध्ये लावण्यासाठी देणार नाही.

इथेच माझा एक नियम सांगून टाकते. जुना सेट दुरुस्त करताना माणसाला मारू शकेल असं जे काही आहे ते मी बदलते, मग ते कितीही अस्सल असो. बाकी सगळं शक्यतो तसंच ठेवते: पॅनेल, मीटर, नॉब, वायरचे वळसे, अगदी कुणी हातानं लिहिलेल्या पट्ट्यासुद्धा.

सिलिकॉन डायोडचा ब्रिज वापरायचा ठरल्यावर ट्रान्सफॉर्मरचं गणितच सोपं झालं. सेंटर टॅपमध्ये एका वेळी अर्धंच वाइंडिंग काम करतं. ब्रिजला १५०० व्होल्टचं एकच वाइंडिंग पुरतं. म्हणजे कोरच्या त्याच खिडकीत (वाइंडिंगच्या जागेत) कमी तांबं आणि इन्सुलेशनला भरपूर जागा. १५०० व्होल्ट एसीचं शिखर २१२० व्होल्ट. लोडवर उतरून साधारण २००० डीसी मिळतो. आपल्याकडे जनरल लायसन्सला ४०० वॅटची मर्यादा आहे. २००० व्होल्ट गुणिले २०० मिलीअँपियर, बरोबर ४००. यापेक्षा जास्त मला नकोच होतं.

कोरचं क्षेत्रफळ भरलं ३० चौरस सेंटिमीटर. ५० हर्ट्झ आणि १.२ टेस्ला धरले की व्होल्टला सव्वा वेढा येतो. प्रायमरी २८८ वेढे, १८ गेज. सेकंडरी हिशोबानं १८७५, लोडवरची घट भरून काढायला १९५०, २६ गेज. जुनं स्टँपिंग असल्यामुळे १.२च्या वर जायचं नाही असं मी ठरवलं होतं. फ्लक्स जास्त ताणला की ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाच गुणगुणतो आणि तापतो, आणि मायक्रोफोनमध्ये तो आवाज जातो.

वाइंडिंग मी सातपूर एमआयडीसीच्या मागच्या गल्लीतल्या एका काकांकडे दिलं. या बाबतीत नाशिकसारखं गाव नाही. सातपूर-अंबडला ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरचे इतके कारखाने आहेत की त्यांच्या सावलीत दोन पिढ्यांचे वाइंडर तयार झालेत. मोटार भरणारे बरेच आहेत, पण दोन हजार व्होल्टचं छोटं वाइंडिंग थर लावून भरणारे मोजके, आणि हे काका त्यातले.

कागदावरचा हिशोब त्यांनी चष्मा वर करून वाचला.

"ताई, सेकंडरी रँडम भरू का? लवकर होईल."

"नको काका. थर लावून. प्रत्येक थरावर मायलर, आणि दोन्ही कडांना चार-चार मिलिमीटर मोकळे."

"मग तीन दिवस लागतील."

"आठवडा घ्या."

ते हसले आणि म्हणाले, "कारखान्यातली सवय गेली नाही तुमची."

रँडम भरू नये याचं कारण आकड्यांत आहे. बॉबिनच्या रुंदीत २६ गेजचे सुमारे दीडशे वेढे एका थरात बसतात. म्हणजे एका थरावर ११५ व्होल्ट. थर उजवीकडून डावीकडे गेला आणि पुढचा परत आला की एका टोकाला त्या दोन थरांमध्ये दुप्पट, २३० व्होल्ट उभे राहतात. घरातल्या प्लगमध्ये असतात तेवढे, आणि मध्ये फक्त तारेवरचं इनॅमल आणि तो मायलरचा पापुद्रा. रँडम भरलेल्या वाइंडिंगमध्ये पहिल्या थरातली तार घसरून नवव्या थराशेजारी जाऊन बसते. तिथे हजार व्होल्टची गाठ पडते, आणि तो ट्रान्सफॉर्मर एखाद्या पावसाळ्यात न सांगता जातो.

मी दुपारी जाऊन बसायचे. काका डाव्या हाताच्या अंगठ्यानं तार दाबत उजव्या हातानं मशीनचं हँडल फिरवायचे. तार आणि अंगठा यांच्यामध्ये चिंधीचा तुकडा. काउंटर शेजारी टकटक करायचा, पण कानानंच त्यांना कळायचं की वेढा वेढ्यावर चढला. हात थांबायचा, तार मागे यायची, नखानं सरळ व्हायची. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये लेदरॉइडचे (जाड इन्सुलेशन कागदाचे) तीन थर आणि त्यावर मायलर. एचटीची दोन्ही टोकं सिलिकॉन वायरनं बाहेर काढली, स्लीव्हवर स्लीव्ह घालून.

वार्निश दिवाळीनंतर. ही माझी अट होती आणि काकांना ती लगेच पटली. ओल्या हवेत वार्निश मारलं की ओलही आत बंद होते. नोव्हेंबरात नाशिकची हवा कोरडी होते, तेव्हा जॉब आधी भट्टीत शेकून, गरम असतानाच वार्निशमध्ये बुडवायचा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत आत ठेवायचा, निथळून पुन्हा भट्टीत. बाहेर आला तेव्हा मधाळ रंगाचा, एकसंध झाला होता. बोटानं वाजवला तर मोकळी तार कुठेच बोलली नाही.

टेस्टला आमच्या कारखान्यात वापरायचो तोच नियम लावला: व्होल्टेज दुप्पट अधिक हजार. १५०० चे ४०००, एक मिनिट. ओळखीच्या एका टेस्ट बेंचवर करून घेतली. काटा जागचा हलला नाही. मेगर आता अनंताकडे टेकतो, अगदी आषाढातही.

ट्रान्सफॉर्मरवर एवढं लिहिलं कारण बहुतेक मुलं इथेच आडवाट धरतात. मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर वापरू का, असं मला नेहमी विचारलं जातं. बुधवारच्या बाजारात गोदाकाठी तो स्वस्तात दिसतो आणि व्होल्टेजही साधारण दोन हजार असतं, म्हणून मोह होतो. वापरू नका. त्याच्या सेकंडरीचं एक टोक कोरला जोडलेलं असतं, त्यामुळे ब्रिज लावता येत नाही. शिवाय तो थोडा वेळ चालून पंख्याच्या वाऱ्यात थंड व्हायला बनवलेला असतो. कोर इतका ताणलेला की रिकामाही तापतो. स्वस्त म्हणून घेतलेला जीवघेणा भाग आहे तो. त्याच बाजारात जळालेले स्टॅबिलायझर येतात, त्यांचं स्टँपिंग घ्या आणि वाइंडिंग नवीन करा.

फिल्टरचे तेलाचे कंडेन्सर मी न उघडता बाजूला काढले. त्या काळच्या तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल असू शकतं, आणि एकाच्या बुशिंगखाली तेल पाझरलेलं होतं. असा डबा उघड्या हातानं धरू नये, फोडू तर कधीच नये. त्यांच्या जागी २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलिटिक सीरीजमध्ये. एकत्रित सुमारे ३७ मायक्रोफॅरड, २७०० व्होल्ट सहन करणारे. प्रत्येकावर १०० किलोओहमचा रेझिस्टर, जो व्होल्टेज सारखं वाटतो आणि सेट बंद केल्यावर चार्ज उतरवतो. ब्रिजच्या प्रत्येक बाजूला १एन५४०८ पाच-पाच. प्रायमरीत सुरुवातीला क्षणभर एक रेझिस्टर सीरीजमध्ये राहतो आणि मग रिले तो शॉर्ट करतो, म्हणजे रिकाम्या कपॅसिटरांचा पहिला घोट डायोडांवर येत नाही. एचटीच्या वाटेत ५० ओहमचा वायरवाउंड, आत कुठे ठिणगी पडलीच तर करंट आवरायला.

आता तो चार्ज. २२०० व्होल्टला ३७ मायक्रोफॅरडमध्ये साधारण ९० जूल साठतात. दवाखान्यात हृदयाला झटका देणारं यंत्र याच पल्ल्यातली ऊर्जा देतं. इथे ती कुणाच्या देखरेखीखाली नसते. सहा रेझिस्टर मिळून हा साठा उतरवायला जवळजवळ दोन मिनिटं घेतात. आणि त्यातला एक जरी रेझिस्टर आतून तुटला तरी उतरण्याची वाट बंद होते, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून रेझिस्टरवर विश्वास ठेवायचा नाही. एचटीचा मीटर कायम जोडलेला असतो, तो शून्यावर आलेला बघायचा. झाकणाला मायक्रोस्विच आहे, झाकण उचललं की प्रायमरी तुटते. प्लग भिंतीतून काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवायचा. मग फायबरची काठी: टोकाला पितळी आकडा, आकड्याला जाड वेणीची वायर, वायर चॅसीला बोल्टनं कसलेली. आधी रेझिस्टरमधून टेकवायची, मग थेट, आणि काम संपेपर्यंत आकडा तिथेच अडकवून ठेवायचा. एक हात खिशात. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून.

झाकण उघडं असताना घरात कुणी मला हाक मारत नाही. हाक मारली की माणूस दचकून वळतो. घरातल्या प्रत्येकाला, नातवाला सुद्धा, खोलीच्या दाराबाहेरचं लाल बटण माहीत आहे: आजी खाली पडलेली दिसली तर आधी ते दाबायचं, आजीला हात लावायचा नाही. हे त्याला शिकवताना मला जड गेलं, पण शिकवलं. एकटी घरात असताना मी एचटी चालू करत नाही.

आरएफची, म्हणजे रेडिओ सिग्नलची, बाजू हॅमकाकांनी इतकी नीट केली होती की तिथे मी फार ढवळाढवळ केली नाही. ग्राउंडेड ग्रिड, म्हणजे ८१३च्या सगळ्या ग्रिड जमिनीला आणि ड्राइव्ह, म्हणजे रिगकडून (ट्रान्सीव्हरकडून) येणारा सिग्नल, फिलामेंटला. त्यामुळे फिलामेंटच्या दोन्ही तारा आरएफसाठी जमिनीपासून उचलाव्या लागतात. काकांनी त्यासाठी जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या फेराइट कांडीवर जाड तार दुहेरी गुंडाळली होती. तीच ठेवली. प्लेट चोक ग्रिड डिप मीटरनं तपासायची जुनी रीत आहे: दोन्ही टोकं शॉर्ट करून चोकचा सीरीज रेझोनन्स कुठे पडतो ते बघायचं. तो आपल्या एखाद्या बँडमध्ये पडला तर त्या बँडवर चोक जळणार. मी नॅनोव्हीएनएवर, म्हणजे छोट्या नेटवर्क ॲनालायझरवर, बघितलं, सगळे बँड मोकळे निघाले.

एक भाग मात्र मी नवीन घातला. आउटपुटच्या सॉकेटवर अडीच मिलिहेन्रीचा चोक, थेट जमिनीला. एचटी अडवणारा ब्लॉकिंग कंडेन्सर शॉर्ट झाला तर दोन हजार व्होल्ट सरळ अँटेनाच्या तारेवर जातात, आणि ती तार गच्चीवर, जिथे शेजारी पापड वाळवायला येतात. हा चोक असेल तर एचटी जमिनीला जाते आणि फ्यूज उडतो. बाजारात मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक, आणि कित्येक घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये तो नसतो. तुमच्याकडे असेल तर आजच बघून घ्या.

लोडचा कंडेन्सर म्हणजे जुन्या रेडिओचा गँग (फिरवायचा कंडेन्सर). तिथे चालतो, कारण २५० वॅटला ५० ओहमवर ११२ व्होल्टच असतात. प्लेटच्या बाजूचा मात्र काकांनी स्वतः केलेला: मोठ्या गँगची एकाआड एक पाती काढून अंतर वाढवलेलं, प्रत्येक पातीची कड बारीक कानशीनं गोल केलेली. टोकदार कडेवरून ठिणगी आधी उडते, म्हणून. भिंगातून बघितलं तर कानशीच्या रेघा सगळ्या एकाच दिशेनं आहेत.

पॅनेलवर नॉबभोवती काकांनी पेन्सिलनं बँडच्या खुणा केल्या आहेत, मीटरमध्ये: ८०, ४०, २०, १५. माझ्या खुणा त्यांच्याशी जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत ते हिशोबात दिसतं. १३५० व्होल्टला २०० मिलीअँपियर म्हणजे प्लेटला दिसणारा लोड सुमारे ४३०० ओहम. २००० व्होल्टला तोच ६४००च्या घरात. लोड वाढला की ४० मीटरवर प्लेटकडचा कंडेन्सर ६३ पिकोफॅरडवरून ४२वर उतरतो. त्यामुळे माझी प्रत्येक खूण त्यांच्या खुणेच्या थोडी पुढे, कंडेन्सर उघडत जाण्याच्या दिशेला आहे. त्यांच्या पुसल्या नाहीत, माझ्या शेजारी बारीक लाल रंगात केल्या.

त्यांच्या खुणांत १० मीटर नाही, माझ्यातही नाही. तिथे हिशोबाला हवेत साडेदहा पिकोफॅरड, आणि ८१३च्या पोटातच १४ आहेत. कॉइल लहान करून, क्यू वाढवून चालवता येतो, पण मग टँकमध्ये (कॉइल-कंडेन्सरच्या जोडीत) करंट वाढतो आणि पॉवर उष्णतेत जाते. १० मीटरसाठी ८१३शी भांडण्यात अर्थ नाही. तो बँड उघडा असतो तेव्हा साधा रिगही जगभर पोहोचतो.

हे सगळं झाल्यावर व्हॉल्व्ह. ८१३चं फिलामेंट १० व्होल्ट, ५ अँपियर. थंड असताना मल्टिमीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, त्याला शॉर्ट समजून व्हॉल्व्ह फेकणारे लोक मी बघितलेत. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर मोजायचं नाही, बेसच्या पिनांवर मोजायचं. ५ अँपियरला तारेतही घट होते. वर्षानुवर्षं पडून असलेल्या व्हॉल्व्हला आधी रात्रभर नुसतं फिलामेंट दिलं, एचटी नाही.

एचटी पहिल्यांदा दिली ती सीरीज लॅम्पमधून, आणि डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमीजास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू. १०० वॅटचा बल्ब क्षणभर भगभगला आणि मंदावला. तो मंदावला नसता तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. खोलीत अंधार करून काचेकडे बघत राहिले. काचेच्या आतल्या अंगाला हलकी निळी झाक आली तर काळजी नाही, ती काचेवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनची. प्लेट आणि ग्रिडच्या मध्ये जांभळा-गुलाबी धूर दिसला तर आत हवा शिरली आहे, तिथेच बंद करायचं. इथे निळी झाक होती, तीही एका कडेला. दोन हजारला रिकामा करंट तीसेक मिलीअँपियरवर स्थिर राहिला.

डमी लोड, अँटेनाच्या जागी लावायचा खोटा भार, म्हणजे एक किलोओहमचे वीस कार्बन रेझिस्टर समांतर, ट्रान्सफॉर्मर ऑइलच्या डब्यात बुडवलेले. रिग १० वॅटवर. प्लेटचा नॉब फिरवला आणि करंटचा काटा खाली दबला, त्याच जागी आउटपुटचा काटा वर उचलला गेला. मग लोड थोडा उघडायचा, पुन्हा प्लेटचा डिप, पुन्हा लोड, ड्राइव्ह वाढवत वाढवत. ज्यानं कधी हातानं ट्यून केलं नाही त्याला हे कंटाळवाणं वाटेल. मला त्या दोन नॉबांमधली ओढाताण अतिशय आवडते. पेटीतला प्रत्येक व्होल्ट कुठून आला आणि कुठे चाललाय ते हाताला कळतं. शेवटी २०० मिलीअँपियरला अडीचशे वॅटच्या आसपास मिळाले.

१०० वॅटच्या रिगवरून २५० म्हणजे ४ डेसिबल. समोरच्याच्या एस मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर) एक पूर्ण खूणही नाही, ती ६ डेसिबलची असते. म्हणून अँटेना नीट नसताना ॲम्प्लिफायर बांधू नये. त्यानं ऐकू तर काहीच जास्त येत नाही. गच्चीवर आधी २० मीटर लांबीचा डायपोल चांगला उंच ताणा. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून नीट भरा आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहा, मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थ सुकतो. हे झाल्यावर ४ डेसिबलला किंमत येते. जूनच्या संध्याकाळी ४० मीटरवर विजांचा कडकडाट सुरू असतो, समोरचा अर्धी वाक्यं ऐकतो आणि 'पुन्हा सांगा' म्हणत राहतो. ढग इगतपुरीपलीकडे असेपर्यंतच हे चालतं. जवळ आले की अँटेना काढून जमिनीला. त्या आवाजात ४ डेसिबलनं अर्धं वाक्य पूर्ण ऐकू जातं. त्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि माझ्या मते तो करण्यासारखा आहे.

एफटी८सारख्या डिजिटल मोडच्या अखंड कॅरियरला मी इनपुट निम्म्यावर आणते. बोलताना सरासरी कमी असते, पण सलग कॅरियरला ४०० वॅटमधले दीडशे प्लेटवरच उरतात, आणि ८१३ची मर्यादा १२५ची. त्याच्या बेसकडे एक छोटा पंखा सावकाश फिरत असतो.

सध्या टेबलावर आमच्याकडच्या एका तरुण हॅमच्या ॲम्प्लिफायरचं काम आहे, ८११ए व्हॉल्व्हच्या जोडीचा. त्याला दोघांचं मिळून ६.३ व्होल्टला ८ अँपियर फिलामेंट लागणार, एचटी १२५० पुरेल. व्हॉल्व्ह त्यानं आधीच विकत घेतलेत आणि कपाटात ठेवलेत. कोर बुधवारच्या बाजारातल्या स्टॅबिलायझरचा, गेल्या आठवड्यात दोघांनी मिळून स्टँपिंग सुटं केलं, घासलं. बॉबिनचं माप वाइंडरकाकांना देऊन आलोय. हिशोब या वेळी त्यानं केलाय, व्होल्टला वेढे किती ते मी फक्त तपासलं. वार्निश दिवाळीनंतर.